जीव वाचविण्याची धडपड : १८९६ च्या प्लेगने शिकविलेला धडा



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एखादा लेख द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि त्यानंतरचे सारे आयुष्य कापडाच्या दुकानातील गादीवर, मीटरपट्टी आणि कात्री यांच्या सहवासात गेले. तथापि, आमच्या घराण्यात चार पिढ्या सांगितली जाणारी एक हकीकत आहे. तिच्यामागचा इतिहास समजून घ्यावा, या ओढीने गेली काही वर्षे सवड मिळेल तसे वाचन केले. त्यातून जे हाती लागले, ते समाजबांधवांपुढे नम्रपणे ठेवीत आहे.

माझे पणजोबा तरुणपणी मुंबईस एका कापडाच्या पेढीवर गुमास्ते होते. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला आणि पुढच्या संक्रांतीच्या सुमारास ते मुंबई सोडून गावी परतले. पगाराची बाकी म्हणून मालकाने त्यांना काही तागे दिले होते. त्या तागांचे गाठोडे घेऊन आगगाडीने आणि पुढे बैलगाडीने ते घरी पोहोचले. वडीलधारी मंडळी ही हकीकत सांगत ती पणजोबांच्या प्रसंगावधानाची म्हणून. वेळेवर निघाले म्हणून वंश राहिला, दुकान उभे राहिले आणि आज आपण आहोत, असा तिचा शेवट असे.

या हकीकतीचा उत्तरार्ध मला आजीकडून कळला, तोही मी महाविद्यालयात जाऊ लागल्यानंतर. पणजोबांनी आणलेले ते गाठोडे त्यांच्या धाकट्या भावजयीने सोडले, तागे उलगडून उन्हात घातले. आठवडा उलटण्याच्या आत तिला ताप भरला, जांघेत गाठ आली आणि ती गेली. तिचे वय तेव्हा जेमतेम सतरा. पणजोबांना स्वतःला मात्र काहीही झाले नाही. आजीने हे आपल्या सासूबाईंकडून ऐकले होते. आजी म्हणाली, "मामंजींनी त्या ताग्यांतला एक वारही कधी विकला नाही. सगळे जाळले. पण त्याबद्दल घरात कोणी बोलायचे नाही, अशी रीत होती."

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. पणजोबांनी जीव वाचविण्यासाठी पळ काढला, यात त्यांचे काय चुकले? आणि काहीच चुकले नसेल, तर ती सतरा वर्षांची मुलगी का गेली?

भय ही सर्व जीवांची ठेव

जीव वाचविण्याची प्रेरणा मनुष्यास कोणी शिकवावी लागत नाही. आपल्या शास्त्रकारांनी आहार, भय, मैथुन आणि परिग्रह या चार संज्ञा सर्व संसारी जीवांना लागू असल्याचे सांगितले आहे. मुंगीच्या वाटेत बोट ठेवले तर ती वळसा घालते, पाखरू टाळीच्या आवाजाने उडते. माणूसही त्याच न्यायाने संकटापासून दूर पळतो. आधुनिक जीवशास्त्र हेच निराळ्या शब्दांत सांगते. ज्या जीवांना भय वाटले नाही, त्यांचा वंश मागे उरला नाही.

तेव्हा आत्मरक्षणाची प्रेरणा हे पाप नव्हे. परंतु ती प्रेरणा आंधळी असते. समोर वाघ असेल तर पळणे पुरेसे होते. संकट जेव्हा डोळ्यांना दिसत नाही आणि आपल्याच गाठोड्यातून आपल्याबरोबर प्रवास करते, तेव्हा हीच प्रेरणा घात करू शकते. मुंबईच्या प्लेगइतके याचे स्पष्ट उदाहरण आपल्या प्रांताच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

मांडवीतील पहिले रुग्ण

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात काही विलक्षण तापाचे रुग्ण आढळले. गोदीला लागून असलेला हा भाग म्हणजे धान्याच्या वखारींचा आणि दाट वस्तीच्या चाळींचा. कच्छी, गुजराती आणि जैन व्यापाऱ्यांच्या पेढ्या तेथे मोठ्या संख्येने होत्या. धान्य तेथे उंदीर, हे सांगावयास नको. त्या काळी हाँगकाँग बंदरात प्लेगने थैमान घातले होते आणि तेथील जहाजांबरोबर रोग मुंबईस आला, असे मानले जाते.

मूळचे गोव्याचे आणि मुंबई महानगरपालिकेचे सभासद असलेले डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग आहे, असे निदान करून ते जाहीर केले. हे निदान कोणालाच नको होते. प्लेग जाहीर झाला की परदेशी बंदरे मुंबईच्या मालाला दारे बंद करणार, हे व्यापारी आणि सरकार दोघेही जाणून होते. साधा ताप आहे, थंडी पडली की जाईल, असे म्हणणारे पुष्कळ होते. जीव वाचविण्याच्या प्रेरणेइतकीच धंदा वाचविण्याची प्रेरणाही प्रबळ असते. आपण व्यापारी मंडळींनी हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

पळणारे शहर

१८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले होते, असे त्या काळचे अंदाज सांगतात. बोरीबंदर स्थानकावर आणि गोदीतील गलबतांवर माणसांची रीघ लागली. गिरण्यांचे मजूर कोकणात आणि घाटावर गेले. उरलेल्या मजुरांना टिकवून धरण्यासाठी गिरणीमालक रोजच्या रोज मजुरी चुकवू लागले, नाक्यानाक्यावर मजुरांसाठी चढाओढ करू लागले. बाजार ओस पडले.

ज्यांना जाता आले नाही, ते लपले. महानगरपालिकेने ऑक्टोबर १८९६ मध्ये रोग्यांना सक्तीने रुग्णालयात नेण्याचे नियम केले. रुग्णालयात गेलेला मनुष्य परत येत नाही, अशी लोकांची समजूत झाली होती आणि मृत्यूचे प्रमाण पाहता ती अगदीच निराधार नव्हती. घरोघरी रोगी लपविले जाऊ लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. त्याखालील तपासण्यांनी, विशेषतः पुण्यात गोऱ्या सैनिकांनी घरात शिरून केलेल्या झडत्यांनी, लोकांचा संताप शिगेला पोहोचला. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

परंतु एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस महानगरपालिकेचे आयुक्त स्नो यांनी सक्तीचे नियम काहीसे सैल केले. त्यामागे एक मोठे कारण होते सफाई कामगारांचे. त्यांना त्या काळी हलालखोर म्हणत. भीतीने हे कामगारही शहर सोडण्याच्या बेतात होते. ते गेले तर मुंबई काही दिवसांतच राहण्याजोगी उरणार नाही, हे आयुक्तांना कळून चुकले. लक्षाधीश गेले, तरी शहर चालत होते. मैला वाहणारा गेला असता, तर शहर संपले असते. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्या तेथे थांबण्यावर सर्वांचा जीव अवलंबून होता.

गाठोड्यातील पिसू

प्लेगचे जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे सापडले होते. परंतु ते माणसापर्यंत पोहोचतात कसे, हे १८९६ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. हवा दूषित आहे, जमीन दूषित आहे, गटारे दूषित आहेत, असे समजून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक यांनी गटारे धुतली जात होती, घरांना चुना फासला जात होता. १८९८ साली कराची येथे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी प्रयोगाने दाखवून दिले, की रोग उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो. त्यांचे म्हणणे प्रथम कोणी मानले नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने प्रयोग केले, तेव्हा ते सर्वमान्य झाले.

या शोधाने माझ्या मनातील प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले. रोगी उंदीर मेला की त्याच्या अंगावरील पिसवा थंड झालेले शरीर सोडतात आणि जवळच्या दुसऱ्या उबदार शरीराचा शोध घेतात. धान्याची पोती, गोणपाट, अंथरूण-पांघरूण आणि कापडाच्या गाठी यांच्या घड्यांत त्या कित्येक दिवस जिवंत राहू शकतात. म्हणजे मुंबईहून पळालेला मनुष्य स्वतः निरोगी असला, तरी त्याच्या गाठोड्यातून मृत्यू गावी जाऊ शकत होता. पुणे, कराची, कच्छ आणि पुढे दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकात प्लेग पोहोचला, तो बव्हंशी रेल्वे, जहाजे आणि माणसांच्या वर्दळीच्या वाटांनीच. पुढील तीन दशकांत हिंदुस्थानात या रोगाने सुमारे १ कोटी २० लाख माणसे नेली.

पळून जाण्याचा एक प्रकार मात्र खरोखर उपयोगी पडला. उंदीर मरू लागले की घर सोडावयाचे आणि गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहावयाचे, ही रीत आपल्या खेड्यांनी थोड्याच वर्षांत अंगीकारली. आपल्यातील जुन्या मंडळींनी "प्लेगात आम्ही रानात राहिलो होतो," असे वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. यात सारा गाव एकत्र निघत असे, सामान मोजके नेले जाई आणि रोग दुसऱ्या गावी जात नसे. एकट्याने पळणे आणि सर्वांनी मिळून बाजूला होणे, यांत हा फरक आहे. प्रेरणा तीच, परंतु एकीमागे केवळ भय होते आणि दुसरीमागे विचार.

उंदीर आणि आपली अहिंसा

एक विषय आपल्या समाजाच्या दृष्टीने नाजूक आहे, तरी तो टाळणे योग्य होणार नाही. प्लेगचा उंदरांशी संबंध आहे हे ध्यानात आल्यावर सरकारने उंदीर मारण्याच्या मोहिमा काढल्या. जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांनी त्यांस विरोध केला. कित्येक ठिकाणी उंदीर पिंजऱ्यात पकडून दूर नेऊन सोडले जात. त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांना हा निव्वळ हट्ट वाटला.

आज शास्त्रीय दृष्टीने पाहता दोन्ही बाजूंचे थोडे चुकत होते आणि थोडे बरोबर होते. जिवंत उंदीर दुसरीकडे सोडणे म्हणजे रोग दुसऱ्याच्या दारी नेणे, ही दयेची फसगत होती. आपल्या हातून हिंसा झाली नाही, एवढे समाधान त्यातून मिळत होते आणि त्याची किंमत शेजारची वस्ती मोजत होती. दुसरीकडे, साथ चालू असताना नुसते उंदीर मारत सुटणेही घातकच, कारण यजमान गेला की पिसवा माणसाकडे वळतात. टिकाऊ उपाय निराळाच होता. उंदरांना शिरकाव होणार नाही अशा वखारी बांधणे, धान्य झाकून ठेवणे, अंधाऱ्या कोंदट चाळींत हवा आणि उजेड आणणे. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले, ते याच उद्देशाने. अहिंसेचे खरे पालन पिंजऱ्यापेक्षा वखारीच्या बांधणीत आणि कोठाराच्या स्वच्छतेत होते. ते करावयास पैसा लागत होता आणि आपल्या पूर्वजांपाशी तो होता. हे आपण त्या काळी पुरेसे ओळखले नाही, असे मला नम्रपणे वाटते.

थांबलेली माणसे

सारे शहर पळत असताना काही माणसे थांबली. डॉ. व्हिएगस मांडवीच्या चाळींतून रुग्ण तपासत हिंडत राहिले. मुंबईतील विविध समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये उघडली, त्यामुळे रुग्णालयाची धास्ती कमी होऊन लोक रोगी लपविण्याचे हळूहळू सोडू लागले. पुण्यात लोकमान्य टिळक शहर न सोडता राहिले आणि हिंदूंसाठी रुग्णालय काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. हडपसरजवळ डॉ. यशवंत फुले यांनी उपचारकेंद्र उघडले. तेथे त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन केंद्रात आणले आणि त्यातच त्यांना संसर्ग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

आणखी एक नाव घेतले पाहिजे. ओडेसा येथे जन्मलेले वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा जागेत प्लेगवरील लस तयार करू लागले. जंतूंची वाढ व्हावी म्हणून मांसाच्या अर्कावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांपैकी जे स्वखुशीने पुढे आले, त्यांना ती टोचण्यात आली आणि टोचलेल्यांत रोगाचे प्रमाण कमी आढळले. लसीत मांसाचा अंश आहे म्हणून शाकाहारी समाजांत आक्षेप होता आणि लसीविषयी भयंकर अफवाही पसरल्या होत्या. तेव्हा खोजा समाजाचे तरुण धर्मप्रमुख आगाखान यांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतली. मग त्यांचे हजारो अनुयायी पुढे आले. परळच्या ज्या संस्थेस आज हाफकिन यांचे नाव आहे, तिची ही पार्श्वभूमी.

या माणसांना जिवाची भीती नव्हती, असे मी म्हणणार नाही. सावित्रीबाईंना प्लेग म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, असे कसे म्हणावे? भय त्यांनाही असणार. परंतु 'आपला जीव' या शब्दांचा त्यांचा अर्थ आपल्यापेक्षा मोठा होता.

१९९४ आणि माझी स्वतःची गोष्ट

पणजोबांना प्रश्न विचारण्याचा मला कितपत अधिकार आहे, हे १९९४ साली कळले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याच बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगसदृश तापाचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरमध्ये सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली. थोड्याच दिवसांत लाखो लोक सुरत सोडून गेले. त्यांत काही डॉक्टरही होते. दूरदूरच्या शहरांतील औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. प्रत्यक्षात मृतांची संख्या पन्नासच्या आसपास राहिली. भीतीचा आकार मात्र केवढा तरी मोठा होता.

सुरतेशी आम्हा कापडवाल्यांचा नित्याचा संबंध. तेथील एक वयोवृद्ध आडते दरवर्षी दिवाळीपूर्वी वसुलीसाठी आपल्या गावी येत आणि आमच्या घरीच उतरत. माझ्या वडिलांचे ते स्नेही. त्या वर्षीही ते आले. बातमी पसरण्यापूर्वीच त्यांनी सुरत सोडली होती, हे त्यांनी मला दोनदा सांगितले. मी त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठविले. हिशेबाची रक्कम लिफाफ्यात घालून नोकराकरवी दिली, स्वतः हाती दिली नाही. पाणीसुद्धा विचारले नाही. क्षमावाणी होऊन तेव्हा फार दिवस लोटले नव्हते. जगातील सर्व जीवांची क्षमा मागून मी नुकताच गादीवर बसलो होतो.

घरात लहान मुले होती, असे मी स्वतःस सांगितले, आणि ते खरेही होते. सावधगिरी बाळगणे चूक नव्हते. पण बाहेर अंगणात खुर्ची टाकता आली असती, जेवणाचा डबा पोहोचविता आला असता, डॉक्टरांना बोलावता आले असते. मला यांतले काहीही सुचले नाही. सुचली ती केवळ दार लावून घेण्याची गोष्ट. पुढे ते कधी आले नाहीत. दोन वर्षांनी त्यांच्या निधनाचे पत्र आले आणि ज्यांची क्षमा खरोखर मागावयाची होती, ते तेवढे राहून गेले.

सुरतेचे मात्र भले झाले. १९९५ मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी शहराच्या सफाईची घडी अशी बसविली, की अस्वच्छतेसाठी बदनाम झालेले ते शहर थोड्याच काळात देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. २०२० साली कोरोनाने पुन्हा तोच धडा सर्व जगास शिकविला आणि १८९७ चा तोच साथरोग कायदा आपल्या राज्यात पुन्हा लागू झाला. त्या वेळी आपल्या गावात कोणी दार लावून घेतले आणि कोणी डबे पोहोचविले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याविषयी मी वेगळे लिहीत नाही.

उपसंहार

पणजोबांचे काय चुकले, या प्रश्नाचे उत्तर आता मी असे देतो. त्यांचे पळणे चुकले नाही. पिसवांचे ज्ञान त्यांना असणे शक्य नव्हते. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही, आणि १९९४ नंतर तर मुळीच नाही. परंतु त्यांच्यानंतर आम्ही चार पिढ्या ही हकीकत अर्धीच सांगत राहिलो, हे आमचे चुकले. वाचलेल्याचे कौतुक केले आणि गेलेलीचे नावही राखले नाही. आमच्या वंशावळीत ती केवळ 'धाकटी सून' एवढीच नोंद आहे.

जीव वाचविण्याची प्रेरणा निसर्गाने सर्वांना सारखीच दिली आहे. ज्याने ती आपल्या उंबरठ्यापाशी थांबविली, त्याचे रोगापासून रक्षण झालेच असे नाही, कारण रोगाला उंबरठा कळत नाही. मांडवीच्या वखारीतील उंदीर, मैला वाहणारा कामगार, गावी वाट पाहणारी भावजय आणि शेठजी यांचे प्राण एकाच धाग्याने विणलेले होते. कापडाचा धंदा केलेल्या मनुष्यास एवढे नक्की ठाऊक असते, की एका बाजूने धागा उसवला तर ते उसवणे तेथेच थांबत नाही.

ट्रस्टच्या कार्यास शुभेच्छा देऊन, लेखातील उणिवांबद्दल आणि त्याहून अधिक १९९४ च्या त्या सकाळीबद्दल सर्वांची क्षमा मागून, येथेच थांबतो.

जय जिनेंद्र!